विरारची जागा

परवा रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. एरवी तिचा फोन म्हणजे "मावशी, मेथीच्या लाडवात डिंक किती घालायचा गं?" असल्या कामाचा. या वेळी आवाज जरा वेगळा होता. म्हणाली, "मावशी, तू स्पष्ट सांगणारी आहेस म्हणून विचारते. आम्ही विरारला फ्लॅट बघितलाय. ठाण्यात भाडं भरून भरून कंटाळलो. तिकडे परवडतंय. समुद्रही जवळ आहे. घेऊ का?"

मी नेहमीसारखं पटकन बोलून टाकणार होते, पण जीभ अडखळली. "दोन दिवस दे, विचार करून सांगते," म्हटलं. ती हसली. "तू चौदा वर्षं राहतेस की तिथे! तुला आणि विचार कसला करायचाय?"

तिला काय सांगणार, की चौदा वर्षं मी याच प्रश्नाचं उत्तर शोधतेय. तर मंडळी, आजचं हे लांबण तिच्यासाठी आहे, पण वाचा तुम्हीही. आपल्यापैकी कितीतरी जणांनी कधी ना कधी हा हिशोब मांडलेला असतो.

आम्ही मूळचे गिरगावकर. म्हणजे मी लग्न होऊन १९७५ साली गिरगावात आले, पण हे जन्मापासून तिथलेच. दोन खोल्या, सामायिक गॅलरी, टोकाला संडास. पहाटे साडेचारला पाणी यायचं आणि त्याबरोबर सगळी चाळ जागी व्हायची. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत असे. शाळा चालत दहा मिनिटांवर, यांचं ऑफिस फोर्टात. पस्तीस वर्षांत लोकलची गर्दी म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं! भाजी गल्लीच्या तोंडाशी, वाचनालय कोपऱ्यावर, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. आणि संध्याकाळी साडेसहाला यांची चौपाटीवरची फेरी. पावसात छत्री घेऊन, उन्हाळ्यात पंचा घेऊन, पण फेरी चुकली नाही कधी. समुद्र बघितल्याशिवाय यांना जेवण जात नसे.

मी २०१० मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी चिरंजीवांचं लग्न झालं. आता दोन खोल्यांत दोन जोडपी कशी राहतात हे चाळीत वाढलेल्यांना सांगायला नको. हे रात्री गॅलरीत गादी घालायचे. सून चांगल्या घरातली, तोंडातून चकार शब्द काढला नाही तिने. पण एकदा दुपारी ती मोरीत कपडे बदलताना बाहेरून कुणीतरी कडी वाजवली आणि ती आतच रडत बसली. मला तो आवाज ऐकू आला. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की आता बस्स.

मुंबईत कुठेही घर घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. जागा पागडीची. तिचा हक्क विकला तर रिवाजाप्रमाणे एक तृतीयांश मालकाला द्यायचा. तो देऊन आमच्या हातात बाविसेक लाख येत होते. तेवढ्यात बोरिवलीत खोलीसुद्धा आली नसती. मीरा रोड, भाईंदर, वसई असं करत करत आम्ही गाडीच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत पोचलो. विरार पश्चिमेला दोन बेडरूमचा फ्लॅट, मुलाचं थोडं कर्ज, आणि मे २०११ मध्ये आम्ही सामान हलवलं.

"आम्ही" असं लिहिलं खरं, पण ते बरोबर नाही. निर्णय माझा होता. हे म्हणाले होते, "तुला योग्य वाटेल ते कर." या वाक्याचा अर्थ छत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला न कळायला काय झालं! पण मी तो न कळल्यासारखं केलं. सामानाच्या ट्रकमध्ये हे ड्रायव्हरशेजारी बसले. मागे वळून बघितलं नाही. मी मात्र टॅक्सीतून ठाकूरद्वार नजरेआड होईपर्यंत बघत होते.

पहिलं वर्ष मी खूश होते, खोटं कशाला बोलू? स्वतंत्र संडास-बाथरूम म्हणजे काय चैन असते, ते चाळकऱ्यांना विचारा. आयुष्यात पहिल्यांदा मी दुपारी दार लावून झोपले. दार लावून! चाळीत दार फक्त रात्री लागायचं किंवा कुणी गेल्यावर. सुनेच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. २०१३ मध्ये नात झाली, तिला रांगायला हॉल होता. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून पूर्वेला जीवदानीचा डोंगर दिसायचा, पश्चिमेला नजर पोचेल तिथवर मोकळी जमीन आणि त्यापलीकडे वाऱ्यावर खारट वास.

आता ती मोकळी जमीन नाही. बिल्डिंगच्या मागे बिल्डिंग उभी राहिली. आकडे बघितले तर चक्कर येईल. २००१ च्या जनगणनेत विरार शहराची वस्ती एक लाख एकोणीस हजारांच्या आसपास होती. २००९ मध्ये विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आमचा जिल्हाही बदलला. म्हणजे मी तिथेच बसून राहिले आणि माझा पत्ता बदलत गेला!

या वाढीचं मूळ अर्थात लोकल. गंमत म्हणजे विरारची लोकल ही आजकालची गोष्ट नाही. १८६७ मध्येच विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत दिवसाला एक गाडी सुरू झाली होती. १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली. तरीही कित्येक वर्षं हे भातशेतीचं आणि वाड्यांचं गाव होतं. चौपदरी रूळ झाले, गाड्या वाढल्या आणि मग आमच्यासारख्यांचा लोंढा सुटला. चर्चगेटपासून साठ किलोमीटर. जलद गाडीला साधारण दीड तास. कागदावर हे सोपं दिसतं. पण माझा मुलगा अंधेरीला नोकरीला. सकाळी सात दहाला घर सोडतो, रात्री नऊला येतो. नात लहान असताना तिला वाटायचं, की बाबा फक्त रविवारी असतात. एकदा शाळेतल्या बाईंनी "बाबा काय करतात?" विचारलं, तर म्हणाली, "बाबा ट्रेन करतात." आम्ही सगळे हसलो. मुलगा हसला नाही.

स्वस्त घराची उरलेली किंमत अशी रोज हप्त्याहप्त्याने भरावी लागते, भाचीबाई. बँकेच्या हप्त्यात ती धरलेली नसते.

आता यांच्याविषयी.

विरारला आल्यावर यांची संध्याकाळची फेरी बंद पडली. साडेसहा वाजले की हे खिडकीत येऊन उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत. कुणी पत्ता विचारला तर "विरारच्या जागेचा का?" असं विचारून मग सांगायचे. आमचं घर असं कधी म्हणाले नाहीत. विरारची जागा. जसं काही गोदामच! पेपर वाचायचे, दुपारी झोपायचे, आणि महिन्यातून दोनदा गाडी पकडून गिरगावात जायचे. मुंबई सेंट्रलला गाडी बदलून चर्नी रोड. वाचनालयात पुस्तक बदलायचं, चाळीच्या कट्ट्यावर बसायचं, रात्री परत. एका पुस्तकासाठी तीन-साडेतीन तासांचा प्रवास! मी चिडायचे. एकदा बोललेही, "इथे वाचनालयं नाहीत का?" हे शांतपणे म्हणाले, "आहेत. पण तिथे मला ओळखतात."

पुढे मी काही बोलले नाही. शिक्षिका असून मला हे सुचू नये? नवीन वर्गात आलेल्या मुलाला आपण पहिल्या बाकावर बसवतो, चार मुलांची ओळख करून देतो. घरातल्या माणसासाठी मी ते केलं नव्हतं.

मग एके दिवशी, बहुतेक २०१२ च्या थंडीत, मीच म्हटलं, "चला, समुद्र बघून येऊ." स्टेशनाजवळून अर्नाळ्याची बस पकडली. बोळिंज मागे पडलं, आगाशी आली, आणि दोन्हीकडे अचानक हिरवंगार! केळी, नारळ, पानमळे, फुलांची शेतं. आमच्या बिल्डिंगपासून अर्ध्या तासावर असं काही असेल हे वर्षभरात आम्हाला ठाऊकच नव्हतं. अर्नाळ्याला सुरूच्या बनातून चालत किनाऱ्यावर गेलो. काळसर वाळू, बांबूच्या मांडणीवर सुकत घातलेले बोंबील, आणि समोर पाण्यात किल्ला. मी इतिहासाची बाई, लगेच सुरू झाले, की १७३७ मध्ये मराठ्यांनी अर्नाळा घेतला आणि दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई. हे म्हणाले, "जरा गप्प बस. आवाज ऐकू दे."

आणि खरंच, चौपाटीवर लाटांचा आवाज गाड्यांच्या आवाजातून शोधून काढावा लागतो. इथे दुसरा आवाजच नव्हता.

त्यानंतर यांची गुरुवारची फेरी सुरू झाली. दर गुरुवारी दुपारी तीनची बस. येताना आगाशीला उतरायचे. तिथे एका वाडीवाल्यांशी यांची ओळख झाली होती. वयाने यांच्याएवढेच. पिढ्यान्‌पिढ्या वाडी कसणारे. त्यांच्या घरून कधी राजेळी केळ्यांची सुकेळी यायची, कधी विड्याची पानं, कधी अळूचा गड्डा. मी दिवाळीत चकल्या पाठवायचे. त्यांच्या घरात बोलली जाणारी बोली आमच्या कानाला नवीन होती, पण यांनी वर्षभरात ती समजण्यापुरती शिकून घेतली. मराठीची शिक्षिका मी, आणि शिकले हे!

त्या वाडीवाल्यांनीच यांना बावखल दाखवलं. पुढच्या वेळी हे मला हट्टाने घेऊन गेले. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. फार मोठं नाही, आपल्या दोन वर्गखोल्या मावतील एवढं असेल. काठाला नारळ, पाण्यात मासे. पूर्वजांनी खणून माती वाडीत पसरली आणि खड्ड्यात पावसाचं पाणी साठवलं. वरवर बघितलं तर शिंपण्याचं पाणी. पण त्याचं खरं काम जमिनीखाली चालतं. समुद्र इतका जवळ, की जमिनीखालून खारं पाणी सतत आत यायला बघतं. बावखलांतून मुरलेलं गोडं पाणी त्याला थोपवून धरतं. गोडं पाणी उपसलं, बावखलं बुजवली, की खारं पाणी आत शिरतं आणि विहिरी मचूळ होतात. मग केळी जातात, पानवेली जातात.

मी विचारलं, "बुजवतं कोण?" वाडीवाले हसले. काही म्हणाले नाहीत. हे माझ्याकडे बघत होते.

मंडळी, आमच्या सोसायटीला पहिली काही वर्षं टँकरचं पाणी होतं. दिवसाला तीन-चार टँकर. सोसायटीच्या सभेत आम्ही टँकर उशिरा येतो म्हणून भांडायचो. तो पाणी आणतो कुठून, हा प्रश्न एकाही सभासदाने कधी विचारला नव्हता. मीही नाही. वसईच्या पट्ट्यात १९८० च्या दशकाच्या शेवटी याच प्रश्नावर मोठं आंदोलन झालं होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली होती. विहिरींतून टँकरने चाललेला उपसा आणि हिरव्या पट्ट्यावर चढणारं बांधकाम, दोन्हींविरुद्ध लोक रस्त्यावर आले होते. तेव्हा मी गिरगावात बसून पेपरात ते वाचलंही होतं आणि पान उलटून पुढे गेले होते. हेच फादर पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. त्या दिवशी मला ते बावखल आठवलं.

आता आम्हाला सूर्या प्रकल्पाचं पाणी येतं, टँकर कमी झाले. पण ते धरण तरी मुळात कुणासाठी? डहाणू-पालघरकडच्या शेतीसाठी, तिथल्या आदिवासींच्या जमिनी भिजाव्यात म्हणून. म्हणजे नळ उघडला की कुणाचं तरी आहेच. मी नळ उघडायची थांबले का? नाही. पिणार काय! पण बादली भरून वाहायला लागली की आता उठून बंद करते, आणि नातीला का ते सांगते. एवढीच माझी मजल.

असो. खरी गोष्ट पुढे आहे, ती सांगायला मी टाळाटाळ करतेय.

जुलै २०१८. दहा तारखेच्या आधीचे दोन-तीन दिवस पाऊस कोसळत होता. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरारच्या लोकल बंद झाल्या. वीज गेली. रस्त्यावर गुडघाभर पाणी. मुलगा अंधेरीला ऑफिसातच अडकला होता. रात्री दोनच्या सुमाराला हे उठून बसले. छातीवर हात. घाम. "जरा पाणी दे," एवढंच म्हणाले.

यांचा डॉक्टर गिरगावातला. चाळीस वर्षांचा जुना डॉक्टर. आम्ही तो बदलला नव्हता, कारण हे तयार नव्हते आणि मीही आग्रह धरला नव्हता. इथे कुठल्या डॉक्टरकडे आमचा कागदसुद्धा नव्हता. मोबाइलची बॅटरी संपत आलेली. अंधारात यांचा हात धरून मी बसले होते आणि डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. गिरगावात असतो तर चार हॉस्पिटलं चालत जाण्यासारखी होती. मी यांना इथे आणलं. मी आणलं.

सुनेने शेजारची दारं वाजवली. सात वर्षांत त्या दारांशी माझं "काय, कसं काय" यापलीकडे गेलं नव्हतं. चाळीची सर कुठली, असं मी अगदी ऐटीत म्हणत असे. समोरच्या घरातला रिक्षावाला मुलगा, खालच्या मजल्यावरचे एक गुजराती काका, आणखी दोघं पोरं, बनियन-लुंगीवर आली. लिफ्ट बंद. त्यांनी यांना स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि चार मजले खाली उतरवलं. मग त्या गुडघाभर पाण्यातून खुर्ची खांद्यावर घेऊन चालत निघाले. सून पुढे बॅटरी धरून, मी मागे कुणाच्या तरी दंडाला धरून. पाण्यात गटार कुठे, रस्ता कुठे कळत नव्हतं. रिक्षावाला मुलगा पुढे पायाने चाचपत जात होता आणि ओरडत होता, "इधर से, इधर से!" वीस मिनिटांनी एका छोट्या नर्सिंग होमला पोचलो. जनरेटर चालू होता. तरुण डॉक्टरीणबाई जाग्या होत्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, यंत्र लावलं. पहाटे माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "आजी, आता धोका टळलाय. आणलंत वेळेवर."

हे सात दिवसांनी घरी आले. त्या चौघांना मी जेवायला बोलावलं. रिक्षावाला मुलगा म्हणाला, "काकी, उसमें क्या है." यांनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

त्यानंतर यांच्यात फरक पडला. संध्याकाळी खाली जाऊन बसायला लागले. त्या मुलाच्या धाकट्या भावाला दहावीचं गणित शिकवायला लागले. पत्ता सांगताना मात्र "विरारची जागा" तसंच राहिलं. सवय म्हणून की मुद्दाम, मला कधी कळलं नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये यांना पुन्हा त्रास झाला. या वेळी मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं. आठ दिवस होते. शेवटच्या दिवशी दुपारी डोळे उघडून म्हणाले, "चल, घरी जाऊ."

कुठल्या घरी, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं कधी वाटतं. कधी वाटतं, नाही विचारलं तेच बरं. उत्तर काहीही आलं असतं तरी मला ते पेलवलं नसतं. मी नुसतं "हो" म्हटलं. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला हे गेले.

यांच्या मागे वर्षभर मी गुन्हेगारासारखी वागत होते. बहिणीने समजावलं, मुलाने समजावलं. शेवटी त्या आगाशीच्या वाडीवाल्यांना भेटायला गेले. म्हटलं, यांचे मित्र, काहीतरी सांगतील. त्यांनी मला बावखलापाशी नेलं. काठावर एक नारळाचं रोप होतं, कमरेएवढं. "साहेबांनी लावलंय," म्हणाले. "दर गुरुवारी बघून जायचे. मी विचारलं, एवढं काय बघता, तर म्हणाले, फळ लागायला सहा-सात वर्षं लागतील ना, तोवर यावं लागेल."

मी तिथेच बसले. ज्या माणसाला मी कैदी समजत होते, त्याने सहा-सात वर्षांचा बेत केला होता आणि मला सांगितलाही नव्हता. म्हणून माझा अपराध धुऊन निघाला असं नाही. आणणं माझंच होतं. पण हे इथे नुसते बसून राहिले नव्हते, आपली वाट शोधत होते, हे मला तिथे कळलं.

गेल्या वर्षी त्या माडाला पहिले नारळ लागले. एक देवापुढे ठेवला, एक त्या रिक्षावाल्या मुलाच्या घरी दिला.

आणि गिरगाव? आमची चाळ आता तिथे नाही. जागेवर मोठा टॉवर उभा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावात भुयारी मेट्रोचं स्टेशन सुरू झालं. नातीला घेऊन मुद्दाम गेले होते. जिन्याने वर आलो आणि मला दोन मिनिटं दिशाच कळेना. साठीपर्यंत जिथे वावरले, तिथे मी वाट विचारली! नात म्हणाली, "आजी, तुझं गाव छान आहे. पण मला माझ्या गावाला जायचंय आता." तिचं गाव म्हणजे विरार. जन्मली तिथली ती. तिला शाळेत मूळ गाव विचारलं की ती विरार सांगते आणि बाई तिला खोडून काढतात. यापुढे काढल्या तर मी जाऊन बोलणार आहे.

तर भाचीबाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

घे. पण आधी कागद बघ. सातबारा, बिनशेती परवाना, बांधकाम परवानगी, आणि राहायला जाण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र. रेराचा नंबर स्वतः वेबसाइटवर तपास, दलालाच्या कागदावर विश्वास ठेवू नकोस. वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा शोध घे. पाच-दहा हजार जातील, जाऊ देत. नालासोपारा पूर्वेला ४१ अनधिकृत इमारती कोर्टाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, २०२५ च्या सुरुवातीला ते काम संपलं. त्यात राहणाऱ्या माणसांनीही आयुष्यभराची पुंजी घातली होती. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, ऐन गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री, विरार पूर्वेला इमारत कोसळून सतरा माणसं गेली. त्या दिवशी आमच्या घरात मोदक केले, पण कुणी चवीने खाल्ले नाहीत. फार स्वस्त मिळतंय असं वाटलं, की थांब आणि का मिळतंय ते विचार.

दुसरं, पावसाळ्यात जा बघायला. जुलैमध्ये, मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी. पाणी कुठवर चढतं ते भिंतीवरचा डाग सांगतो. उन्हाळ्यात जा आणि टँकर किती येतात ते वॉचमनला विचार. आणि एकदा सकाळच्या गर्दीच्या गाडीने नवऱ्याला ऑफिसला पाठव, मग ठरवा.

तिसरं, गेल्यावर पहिल्या आठवड्यात डॉक्टर शोध. जुन्या डॉक्टरवर माया असू दे, कागद मात्र जवळच्याकडे असू दे.

चौथं, शेजारची दारं दिवसाउजेडी वाजव. निदान साखर मागायला तरी.

आणि शेवटचं. निर्णय घेताना घरातलं कुणी "तुला योग्य वाटेल ते कर" असं म्हणालं, तर तिथे थांब. चहा टाक. समोर बस. आणि विचार, "तुम्हाला काय वाटतं?" उत्तर यायला वेळ लागेल. लागू दे. घर तेवढ्यात हातचं जात नाही, आणि गेलं तर दुसरं मिळतं.

कधी येताय बघायला? गुरुवारी या. तीनची बस पकडून अर्नाळ्याला जाऊ. येताना आगाशीला उतरू, तुला एक माड दाखवायचाय.